धाब्यावरचं हेलिकॉप्टर

८ फेब्रुवारी, रविवार
आजपासून छंद.
खोका आला. रिमोटचं हेलिकॉप्टर, सहा चॅनेल. खेळणं नव्हे. दीपमाला म्हणाली, खेळणं आणलं का? तिला सांगितलं, याला मॉडेल म्हणतात. ती म्हणाली, मॉडेलला सेल लागतात का? वाद घातला नाही. बायकोशी वाद नाही, हा जानेवारीचा संकल्प अजून चालू आहे.
एक गोष्ट इथे लिहून ठेवतो. या खरेदीचा नानांच्या दहाव्याशी काडीचाही संबंध नाही. वडील गेले, दहावा झाला, कावळा पिंडाला शिवला नाही, इतकंच झालं. लोक नदीकाठी उन्हात उभं राहून नानांच्या इच्छा आठवून त्यांना नाव घेऊन वचन देत होते. हिंमतराव, विहिरीचं काम पुरं करू. हिंमतराव, नातीचं लग्न थाटात करू. कावळा बाभळीवरून नुसता बघत बसला. मग शेजारचे रेवजी आबा म्हणाले, ‘त्याले हेलिकॉप्टरमां बसनं व्हतं, ते कोठून आनशात?’ शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.
खोका दुसऱ्या दिवशी ऑर्डर केला. योगायोग. मी विज्ञानाचा माणूस. ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये असिस्टंट आहे, मुलं मला सरच म्हणतात.
मायनं गोड सोडलंय. चहासुद्धा बिनसाखरेचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नानांची घागर भरायची, धाब्यावर, घराच्या सपाट छतावर, घास ठेवायचा. कावळा शिवला तर गोड खाईन, नाही शिवला तर मरेपर्यंत नाही, असं म्हणते. चेहरा पार उतरलाय तिचा.

९ फेब्रुवारी
मॅन्युअल वाचलं. सोपं आहे. एका काठीनं वर-खाली आणि शेपटी, दुसरीनं पुढे-मागे, डावं-उजवं. टार्गेट: महिन्याभरात स्थिर उभं करणं, आखाजीपर्यंत गावावरून गोल चक्कर. जमल्यास उलटं.
सराव धाब्यावर. खाली अंगणात तारा आहेत.

१५ फेब्रुवारी, सकाळ
पहिलं उड्डाण.
वर गेलं. कमरेएवढं. मग डावीकडे, मग पाण्याच्या टाकीवर. एक पातं तुटलं. वारा जबाबदार.
काठी वर करताना मागे कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं. आधी बारीक, मग मोठा. नाना खोड काढण्याआधी असेच खोकायचे. ट्रॅक्टर शिकताना, लग्नाचा फोटो काढताना, लॅबच्या नोकरीची ऑर्डर दाखवली तेव्हासुद्धा. खोकायचे आणि म्हणायचे, ‘तू काय करी ऱ्हायना?’
वळून बघितलं. कोणी नाही. रेवजी आबा असणार. त्यांना दमा आहे.

१६ फेब्रुवारी
रेवजी आबा गेल्या आठवड्यापासून सुरतेला मुलीकडे आहेत.
मग गिअर. नव्या गिअरचा आवाज खोकल्यासारखा येऊ शकतो. ग्रीस लावलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
उड्डाण दुसरं, तिसरं, चौथं. तिन्ही वेळा खोकला. तिन्ही वेळा आपटलं. दोन्हीचा संबंध नाही.
खालून ट्रेनिंगच्या काड्या लावल्या. फुलीसारख्या, टोकांना रबरी चेंडू, म्हणजे कलंडत नाही. मायनं मधोमध लिंबू-मिरची बांधून टाकली. म्हणाली, दृष्ट लागते. कोणाची, विचारलं. तिनं ओट्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. नानांची खुर्ची तिथून कोणी हलवत नाही. तिच्यावर कोणी बसतही नाही, पाहुणेसुद्धा खाली सतरंजीवर.
लिंबू ठेवलं. समतोलाला उपयोगी.

१ मार्च
एक अडचण समजली. हेलिकॉप्टरची शेपटी आपल्याकडे असेपर्यंत सगळं सरळ. तोंड आपल्याकडे वळलं की सगळं उलटं. आपण डावं दिलं की ते उजवीकडे जातं. मॅन्युअल म्हणतं, घाबरू नका, सरावानं जमतं. माझं नानांशीही तसंच होतं. पाठमोरे असले की मला सगळं सुचायचं, समोर आले की तोंडातून भलतंच निघायचं. हे हेलिकॉप्टरच्या वहीत कशाला लिहिलं कोण जाणे.
नवीन शत्रू: कावळे. गल्लीतले सगळे आज तुटून पडले. एकानं शेपटीला चोच मारली.

३ मार्च
शीला मॅडम, बायोलॉजी, म्हणाल्या की कावळे माणसाचा चेहरा लक्षात ठेवतात. उद्यापासून गॉगल.

४ मार्च
गॉगल लावून गेलो. ओळखलं.

५ मार्च
दीपमालाची ओढणी तोंडाला गुंडाळून गेलो. तरीही ओळखलं. समोरच्या धाब्यावरच्या बायकांनीही ओळखलं.

१५ मार्च, रविवार
यश! कावळे आता आमच्या धाब्याच्या आसपास फिरकत नाहीत. हेलिकॉप्टर नुसतं बाहेर आणून ठेवलं तरी उडून जातात. गल्लीतल्या बायका कुरडया वाळत घालायला आमच्याकडे येतात, राखणीला पोरगं बसवावं लागत नाही. सगळ्या कौतुक करतात. नाना असते तर खोकले असते.
खरं तर खोकलेच. दुपारी, तिसऱ्या उड्डाणाला. कुरडयांच्या खाटेवर उतरलो. एक खाट गेली. बायकांचं कौतुकही गेलं.

२२ मार्च
दीपमालानं आज सरळ विचारलं, कावळेच येणार नसतील तर आखाजीला घासाला कोण शिवणार? माय रोज सकाळी भाकरीचा तुकडा धाब्यावर ठेवते आणि संध्याकाळी तोच वाळलेला तुकडा खाली आणते, तुम्हाला दिसत नाही का?
मी म्हणालो, आखाजीला अजून वेळ आहे. पक्ष्यांची स्मरणशक्ती तात्पुरती असते.
मग म्हणाली, मग बंद करा ना हे. एवढं का लागलंय तुम्हाला?
छंद अर्धवट सोडण्यानं व्यक्तिमत्त्वाचं नुकसान होतं, हे तिला सांगितलं. ती खाली गेली. मी आणखी एकदा उडवलं. खोकला आला. आज वळून बघितलं नाही, नुसता ऐकला. मग आपटलं.

२९ मार्च
रेवजी आबा सुरतेहून परत. ओट्यावर चहा घेताना हेलिपॅडची गोष्ट पुन्हा काढली. कोणातरी साहेबांची सभा होती, आमच्या वावरात हेलिकॉप्टर उतरणार होतं. नानांनी कपाशीची उभी पऱ्हाटी काढून जागा करून दिली. त्या सकाळी धुतलेलं धोतर, कडक टोपी. पोलिसांनी बांबूपलीकडे थांबवलं. नंतर आत बसवून दाखवू म्हणाले. भाषण झालं, हेलिकॉप्टर उडालं, नानांची टोपी धुळीनं लाल झाली. तेव्हापासून म्हणायचे, ‘एक डाव बसनं शे.’
मी हसलो. आबा हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, तू का उडवी ऱ्हायना ते माले समजस.
त्यांचा गैरसमज आहे. वयोमानानं होतं.

५ एप्रिल
संकल्प: आखाजीपर्यंत कावळ्यांच्या सोयीसाठी सराव वावरात. धाबं बंद.
वावरातही खोकला येतो. म्हणजे आवाज धाब्याचा नाही. म्हणजे गिअरच. पुन्हा ग्रीस.

१२ एप्रिल
वजन उचलण्याची चाचणी. खाली स्कीडला, उतरायच्या दांड्यांना, काहीतरी हलकं बांधायचं होतं, खुंटीवर नानांची टोपी सापडली. जवळ होती म्हणून घेतली, दुसरं काही नाही. लिंबू-मिरची काढून टोपी बांधली. उडवलं. जिथे हेलिपॅड होतं त्या जागेवर बराच वेळ स्थिर राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा! टोपी खाली डुलत होती. वावर, विहीर, तापीकडची केळी, सगळं दिसत असेल तिथून. म्हणजे कॅमेरा लावला असता तर.
एकदा बारीक खोकला आला. मोठा आलाच नाही. वाट बघत राहिलो. बॅटरी संपली, तुरीच्या काड्यांवर पडलं.
मायनं विचारलं, त्यास्नी टोपी कोठे शे? धुवायला घेतली म्हणालो. ती टोपी ती स्वतःच धुवून ठेवते.

१८ एप्रिल, शनिवार
उद्या आखाजी. सगळं तयार. माझी योजना: घागर भरून झाली, कावळा शिवला, की लगेच सगळ्यांसमोर गावावरून चक्कर. आत्मविश्वास पूर्ण. तुटकी पाती फक्त पिशवीभर.

१९ एप्रिल, आखाजी
क्रमानं लिहितो.
सकाळी घागर भरली. वर खरबूज, आंबे, सांजोरी. मायनं चुलीत आगारी टाकली, पितरांच्या नावाचा घास. खापरावरची पुरणपोळी, रस, भजी, कुरडई, सगळं ताटात वाढून धाब्यावर ठेवलं. घरचे सगळे उपाशी. कावळा शिवल्याशिवाय कोणी जेवणार नाही.
कावळा आला नाही.
शेजारी रेवजी आबांच्या धाब्यावर मात्र कावळ्यांची पंगत बसलेली. भांडत होते घासासाठी. आमच्याकडे एकानंही मान वळवली नाही. माय जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून होती. पदराचं टोक नुसतं पिळत होती. दीपमाला माझ्याकडे अशी बघत होती की मी टाकीकडे बघायला लागलो.
ऊन चढलं. रस आंबायला लागला. माय उठली आणि म्हणाली, ऱ्हाऊ द्या, जेवा तुम्ही. तिला तसं बघवेना मला.
मग विज्ञान सुचलं. शेजारचे कावळे हेलिकॉप्टरनं तिकडून उठवायचे आणि हाकत आमच्या ताटावर आणायचे. गुरं हाकतात तसंच. दीपमाला नको म्हणाली. माय म्हणाली, ‘तुन्हं इमान पेटीमां घाल.’ पण तत्त्व पक्कं होतं.
उडवलं. वजनाच्या चाचणीला बांधलेली टोपी तशीच राहिलेली. आबांच्या धाब्यावर गेलं, कावळे उठले. इथपर्यंत योजनेप्रमाणे. मग सगळेच्या सगळे हेलिकॉप्टरवर आले. मी ते परत बोलावलं. तोंड माझ्याकडे वळलं. मी डावं दिलं.
त्याच क्षणी मागून खोकला. आधी बारीक, मग मोठा, अगदी कानाशी. मी वळलो.
मायसुद्धा वळलेली होती.
हेलिकॉप्टर सरळ नानांच्या ताटात पडलं. रस उडाला, पाती उडाली, भजी खालच्या गल्लीत. सगळं थांबलं तेव्हा पुरणपोळीवर टोपी होती, नीट, सरळ, डोक्यावर ठेवल्यासारखी.
मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.
मग एक कावळा कठड्यावर उतरला. मोडलेल्या हेलिकॉप्टरभोवती चालत एक फेरी मारली. मेलंय याची खात्री केली. त्यावर चढून बसला आणि टोपीखालच्या पोळीचा तुकडा ओढून घेतला.
माय मोठ्यानं रडली. दहाव्यालाही रडली नव्हती एवढी. मग डोळे पुसून म्हणाली, ‘उना. जेवना. आते जाऊ द्या त्यास्ले.’ आणि तिथेच पायरीवर बसून म्हणाली, ‘दीपा, माले रस वाढ.’ तीन वाट्या प्याली.
पलीकडून रेवजी आबा ओरडत होते, ‘हिंमतराव हेलिकॉप्टरमां बशीसन उना!’ संध्याकाळपर्यंत आमच्या सगळ्या रनाळे गावात हेच, नाना हेलिकॉप्टरमध्ये बसून आले.
अंधश्रद्धा. वैमानिक कोण होता हे एकानंही विचारलं नाही.

२० एप्रिल
मायनं सकाळी नानांची खुर्ची ओट्यावरून आत घेतली. टोपी धुतली, घडी करून पेटीत ठेवली. चहात दोन चमचे साखर.
मला काय, बरंच झालं.

२६ एप्रिल, रविवार
नवीन पाती आली. शेपटी सरळ केली. सकाळी वावरात. वारा नाही, बॅटरी फुल्ल, कावळे नाहीत.
उडवलं. वर गेलं आणि उभं राहिलं. तोंड माझ्याकडे वळवलं, तरी उभं. डावं, उजवं, सगळं जमलं. मॅन्युअलमध्ये आहे अगदी तसं.
खोकला आला नाही.
उतरवलं. गिअरचं ग्रीस पुसून काढलं. पुन्हा उडवलं. नाही. मुद्दाम वाकडं घेतलं, बाभळीच्या पार जवळ नेलं, आता तरी कोणी म्हणेल, तू काय करी ऱ्हायना. नाही. मागे नुसतं वावर.
खाली ठेवलं आणि बसून राहिलो. इतके दिवस कशासाठी उडवत होतो, ते रेवजी आबांना माझ्याआधी कळलं होतं. आणि त्यांनाही अर्धंच; खोकला त्यांनी ऐकला नव्हता.
आजूबाजूला कोणी नाही हे बघून शेवटी मीच खोकून पाहिलं. आधी बारीक, मग मोठा. तीन-चारदा.
नानांसारखं जमलं नाही.