तू यायच्या आधी

अस्वान, शुक्रवार, ७ ऑक्टोबर १९९४

प्रिय रदवा,

सलाम आणि खूप खूप माया. मी सुखरूप पोचले. आगगाडीत बसून बसून कंबरेचा पार भुगा झाला, पण नवी नवरी म्हणून कण्हायची सोय नाही. राशवान माणूस चांगला आहे. घोरतो, पण चांगला आहे. त्याच्या सुनेने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर दाखवताना सांगितलं, "ह्या डब्याला हात लावायचा नाही हं." मी तोच डबा आधी उघडला. येईल वळणावर.

हे पत्र राशवानचा भाचा दुम्यातला, आपल्या घरी घेऊन येतोय. तू कुवेतहून पोचायच्या आत सब्रीच्या हाती पडेल. फोन केला असता, पण फोनवर तू रडतेस, मग मी तुला रागावते आणि बोलायचं ते राहूनच जातं.

तुझी नवारा मजेत आहे. उंच झालीये, फोटोतल्यापेक्षा बरीच. ताटात काहीही वाढलं की आधी वास घेऊन बघते. रागावू नकोस, तो तुझ्या नवऱ्याचा, सब्रीचा गुण आहे. शाळेत मारामारी करते, पण उगाच नाही करत.

मी निघणार म्हटल्यावर सगळ्यांनी अक्कल पाजळली. पोर झोपेत असताना निघ म्हणे. सब्री तर म्हणाला, "ताई, बाजारात जाऊन येते म्हणून सांग. दोन दिवस रडेल, मग विसरेल." मी म्हटलं, "तू दर वेळी मासळी आणायला जातोस आणि चहाच्या टपरीवरून परत येतोस, तुझं तिला सवयीचं आहे. मी आजवर तिला इंजेक्शन दुखत नाही असंसुद्धा खोटं सांगितलेलं नाही."

तिला गच्चीवर कबुतरांपाशी नेलं आणि सरळ सांगितलं. मी लग्न करून अस्वानला चालले, तिथेच राहणार. पुढच्या गुरुवारी तुझी आई येईल, ती आता परत जाणार नाही. पोरगी तशीच दाणे टाकत राहिली. मला वाटलं, समजूतदार आहे.

कसली समजूतदार! निघायच्या सकाळी जिन्यात बायका लग्नाच्या आनंदात जिभा वळवून ललकारत होत्या, मी नव्या चपला सांभाळत उतरत होते, आणि मागे मोठा आवाज झाला. बघते तर पायऱ्यांवर खापऱ्या आणि वर नवारा. खिडकीतली पाण्याची सुरई तिने माझ्या पाठीमागे फोडली होती! गेल्या उन्हाळ्यात अझीझाकाकू दोन महिने राहून आमची बदकं फस्त करून गेली, तेव्हा तिने पुन्हा तोंड दाखवू नये म्हणून आम्ही दोघींनी फोडली होती ना, तश्शीच.

 शेजारची उम्म हिल्मी किंचाळली, "अगं कार्टे, शुभकार्यात?" सब्रीने हात उचलला. मी म्हटलं, "खबरदार! तिला राग आलाय. येऊ दे." आणि वर चढून तिच्यासमोर खाली बसले.

"आता तू येऊच नकोस," ती म्हणाली.

"येणार. ईदला येणार, पाहुणी म्हणून. तुझी आई दार उघडेल, तू मला चहा आणून द्यायचास."

"साखर नाही घालणार."

"नको घालूस."

एक खापरी पायाने सरकवत म्हणाली, "तिला वेणी घालता येते?"

"कुवेतच्या इस्पितळात लोकांच्या जखमा शिवते ती, वेणीचं काय घेऊन बसलीस. नाही जमली तर तू शिकव."

मग माझ्या गळ्यात पडून एवढी रडली की माझा नवा झगा खांद्यावर पार भिजला. मीही रडले, लपवत नाही. पण रदवा, मला बरं वाटलं. जिला खोटं सांगितलं ती पोर जिन्यात वाट बघत बसते. ही बसणार नाही.

गल्लीत मला सगळे उम्म नवारा, नवाराची आई म्हणतात हे तुला ठाऊक आहे. निघण्याआधी मी भाजीवाल्यापासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांना बजावलं, गुरुवारपासून नवाराची आई म्हणून हाक मारायची ती रदवाला. इस्त्रीवाला म्हणाला, "मग तुम्हाला काय म्हणायचं?" मी म्हटलं, "सनिया म्हण बाबा, आईबापांनी ठेवलंय ते."

नवारा पहिल्या दिवशी तुझ्याजवळ येणार नाही. ओढू नकोस. कबुतरांना दाणे टाकायला वर जा, ती मागून येईल.

तू विचारलं होतंस, "वन्सं, आठ दिवस थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" राशवानला खजुराच्या कामाची घाई आहे असं मी लिहिलं. ती थाप होती. तो बिचारा हवी ती तारीख घ्या म्हणत होता. मी थांबले असते तर आपण दोघी एकाच दारात उभ्या असतो. तू सामान खाली ठेवून हात पसरले असतेस आणि ती माझ्या झग्यामागे लपली असती. ते तुला बघावं लागू नये म्हणून लवकर निघाले, असं मी सब्रीला सांगितलं. तेही खरंच आहे.

पण ती तुला सोडून माझ्यामागे लपते, ते मला बघायचं होतं, रदवा. फार बघायचं होतं. म्हणून निघाले.

नवाराची आत्या,
सनिया