चेंडूकडं बघू नकोस

ओहायो, ३० नोव्हेंबर २०२५

ती. वनमालाअक्कास,
धाकट्या राघूचा सा. न. वि. वि. टपाल वेळेवर पोचायचं नाही, म्हणून पत्राचा फोटो फोनवर धाडतोय.

अक्का, आमची शाळा अंतिम सामन्यात पोचली! प्रशिक्षक म्हणून माझ्या एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि हे माझं शेवटचं वर्ष. इथल्या फुटबॉलमध्ये माझी पाच धिप्पाड पोरं चेंडूवाल्याच्या पुढं उभी राहून समोरची धाड अडवतात. त्यांना स्वतःला चेंडू मिळत नाही, टाळ्याही नाहीत. सरावात मी त्यांना अजून आपल्या नळदुर्गच्या कबड्डीसारखी हातांची साखळी करून चालवतो. आधी लाजतात, मग शिकतात.

घोर एकच आहे. डाव्या टोकाचा टोबी मागच्या सामन्यात दोनदा आडवा झाला. मुख्य प्रशिक्षक त्याला वगळणार होते. मी म्हणालो, तो खेळणार, हरलो तर दोष माझा. बोलून तर बसलोय खरा.

तुमच्याकडं शनिवारी पहाटे साडेपाचला सामना. उत्कर्ष भाचेबुवांना नेटवरून टीव्हीवर लावून द्यायला सांग. आणि चेंडूकडं बघू नकोस, माझ्या पाचांकडं बघ.

लोभ आहेच, शनिवारपुरता थोडा वाढव.
तुझा राघू

नळदुर्ग, ६ डिसेंबर २०२५

चि. राघूस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा! घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घे.

सूनबाई जाईनं तीनदा चहा केला. शेजारचे सिद्रामप्पा आवाज ऐकून आले, ह्यो खेळ हाय का मारामारी म्हणाले, आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

मी तुझ्या पाचांकडंच बघत होते. शेवटचा डाव, तुम्ही चार गुणांनी मागं; चेंडू रेषेपार नेला तर सहा मिळतात, असं उत्कर्ष म्हणाला. समोरचा रेड्यासारखा पोरगा टोबीवर चालून आला. टोबीचा पाय घसरला, गुडघा टेकणार, मला वाटलं गेलं सगळं. पाय रोव रे बाळा, म्हणून मी ओरडले. आणि रोवला की रे त्यानं! तसूभर हटला नाही. तेवढ्यात घरात एकच गलका. सिद्रामप्पांनी टोपी उडवली. काय झालं विचारलं, तर म्हणे जिंकले!

राघू, चेंडू कुणी नेला, कुठं नेला, मला काही दिसलं नाही. सगळे मला हसतायत. माझं बघायचं चुकलं का रे?

माया आहे तशीच, आज जरा उतू चाललीय.
तुझी अक्का

ओहायो, ७ डिसेंबर २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि. फोनवर तुझं पत्र वाचून ढसाढसा रडलो. तुझंच बरोबर होतं गं.

इथल्या पेपरात चेंडू घेऊन पळणाऱ्या पोराचा मोठा फोटो आलाय. टोबीचं नावसुद्धा नाही. त्यानं नेमकं काय केलं, असं त्याच्या आईनंच मला विचारलं. तीही चेंडूच बघत होती. मग मी तुझं पत्र त्या दोघांना इंग्रजीत वाचून दाखवलं. गुडघ्याची ओळ टोबीनं तीनदा वाचायला लावली. नंतर हळूच म्हणाला, ते पत्र मला मिळेल का? मराठीत असलं तरी चालेल, माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच लिहिलंय.

तेव्हा मूळ कागद टपालानं धाड. उशीर झाला तरी हरकत नाही. फक्त पाकिटावर माझं नाव घालू नकोस, त्याचं घाल.

जानेवारीत येतोय, तोवर लोभ राखून ठेव.
तुझा राघू