अँब्रोसची पाटी

१४ ऑक्टोबर, सोमवार
सकाळी दुधाचे तीन कॅन खाली पाठवले. धुकं. दुपारी गोठा साफ केला. कोणाशी बोलणं झालं नाही.
अँब्रोसला जाऊन पंधरा दिवस.

१५ ऑक्टोबर
त्याची शवपेटी आमच्याच झाइलबानने, दोरावरून लोंबत जाणाऱ्या पाळण्याने, उतरवली होती. दोनच डबे, एकाच दोराला बांधलेले — एक खाली निघाला की दुसरा वर येतो. यंत्र वर, माझ्याकडे. अँब्रोस दिवसभर खालच्या स्थानकावर. संध्याकाळी शेवटच्या फेरीने घरी यायचा आणि रिकामा डबा खाली जायचा. चाळीस वर्षं!
त्या दिवशी तो खाली गेला, रिकामा डबा वर आला. कळ मीच दाबली.

१६ ऑक्टोबर
आता खाली अँब्रोसच्या जागी टोबियास असतो. त्याचा फोन.
"वहिनी, पर्यटन मंडळाचा माणूस आलाय. पाटीवर 'गोंडोला' लिहा म्हणतो. परदेशी लोक तेच शोधतात. शनिवारी सभा आहे, पण तुमच्या शब्दाबाहेर कोणी जाणार नाही."
"नको."
"विचार तरी करा!"
"केला."
गोंडोला! अँब्रोस असता तर त्या माणसाला तासभर उभं करून फरक सांगितला असता. गोंडोलाचे डबे पुष्कळ, माळेसारखे फिरत राहतात. रुळांवरून दोराने ओढतात ती तिसरीच. पाद्रीबाबा एकदा गोंडोला म्हणाले, तर त्यांनाही म्हणाला, "फादर, मी तुमच्या प्रार्थनेला गाणं म्हणतो का?"
पाटीवरची अक्षरं त्याने स्वतः रंगवली आहेत. 'झाइलबान'चं पहिलं अक्षर जरा तिरकं झालंय. त्याच्या हातचं बाहेर एवढंच उरलंय. ते मी उतरवू देणार नाही.

१७ ऑक्टोबर
पाऊस. एकही प्रवासी नाही.

१८ ऑक्टोबर
आल्टडॉर्फहून मोनिकाचा फोन. टोबियासने तिला सांगितलं असणार.
"आई, एका शब्दासाठी गावाशी भांडणार? तू स्वतः गोंडोलाच म्हणतेस!"
"मी? त्याच्या घरात राहून?"
"अगं, रोज म्हणतेस! लहानपणापासून ऐकतेय."
"काहीतरीच. ऐकून घेतलं असतं त्याने?"
"बाबांपेक्षा हट्टी आहेस," म्हणाली. मी फोन ठेवला.

१९ ऑक्टोबर, शनिवार
टोबियासने फेऱ्यांच्या जुन्या वह्या डब्यातून वर पाठवल्या. अँब्रोसचं अक्षर. वारा, प्रवासी, दुधाचे कॅन. आणि रोजची शेवटची ओळ, माझ्याबद्दलची —
"६.१०. रेगीनाचा फोन: गोंडोला सोडू का? सोड म्हटलं."
१९८१ ची वही काढली. तीच ओळ. १९९४. तीच. या सप्टेंबरची, तीच. कुठेही खोडलेलं नाही.
साऱ्या खोऱ्याला सुधारत बसायचा. मला एकदाही नाही.
टोबियासला कळवलं, पाटी बदल, गोंडोला लिही. जुनी वर पाठव.
सहाला ती आली. स्वयंपाकघरात खिळा ठोकून टांगली. मग यंत्रावरचं तेल पुसलं.