अकराव्या दिवसाची वडी

मी, शेवंती भिकाजी रेडकर, वय अदमासे सदुसष्ट, धंदा साबण करणे, राहणार शिरोडा, तालुका वेंगुर्ला, जिल्हा रत्नागिरी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस घातलेलं नसताना हे मृत्युपत्र सांगते. जगन्नाथ मास्तर लिहून घेतात.

१. माझे यजमान कै. भिकाजी यांच्यामागे घर माझ्या नावे आहे. माझा एकुलता मुलगा हरिश्चंद्र १९५८ च्या मे महिन्यात मंगळूरहून कौलं घेऊन येणाऱ्या मचव्यावर होता. मचवा आला नाही. फळ्या रेडीच्या किनाऱ्याला लागल्या, माणूस कोणी लागला नाही. मास्तर विचारतात, हरिश्चंद्राच्या नावाआधी 'कै.' घालू का? मी नको म्हटलं.

२. घर, चौदा माड आणि विहिरीतला हिस्सा सून नर्मदा हिला द्यावा. धाकटे दीर महादू यांनी हक्क सांगू नये. साबणाच्या वासानं डोकं उठतं म्हणून त्यांनी मध्ये भिंत घातली, आणि त्याच भिंतीवरून हात करून वडी मागायला कधी लाजले नाहीत. त्यांना वर्षाला चार वड्या द्याव्यात. जास्त नको.

३. लोखंडी कढई, ढवळायचा दांडा, शिवणीच्या लाकडाचा साचा आणि वड्या कापायची तार नर्मदेची. कास्टिक पाण्यात सोडावं, पाणी कास्टिकवर ओतू नये. खोबरेल घाण्याचंच घ्यावं. वड्या चाळीस दिवस फळीवर वाळू द्याव्यात, मग जीभ लावून बघावी. चुरचुरली तर वडी कच्ची. काहीच लागलं नाही तर विकायला काढावी. हे नर्मदेला येतं. तरी लिहवून घेते, कारण सहा वर्षं मी तिच्याशी बोललेली नाही. एकाच कढईवर ती ढवळते, मी ओतते.

४. त्याचं कारण असं. फळ्या मिळाल्या तेव्हा मी घरात सुतक धरू दिलं नाही. न्हाणीत हरिश्चंद्राची अर्धी झिजलेली वडी होती, तिला कोणी हात लावायचा नाही असं बजावलं. अकराव्या दिवशी सकाळी नर्मदा त्याच वडीनं डोक्यावरून न्हाऊन आली. तेव्हा कळलं, दहा दिवस तिनं अंगाला तेल लावलं नव्हतं, साबण लावला नव्हता. साबणाच्या घरात मला ते दिसलं नाही.

मी म्हटलं, "माझो झील जितो आसा. तू कोणाचा सुतक धरलंस गो?"

"माझ्या घोवाचा," ती म्हणाली. "आये, तुमी धरू नकात. माका धरूचा होता."

मला तेव्हा रडू आलं नाही, आजही येत नाही. वाळलेल्या वडीला जीभ लावावी तसं आहे. नर्मदेचं बरोबर होतं. हे तोंडानं सांगायला मला जमलं नाही.

५. देह मिळाला नाही, म्हणून माझ्याबरोबर हरिश्चंद्राचाही पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी द्यावा. सुतक दोघांचं एकदमच धरावं. त्या वडीचा उरलेला तुकडा माझ्या पेटीत, त्याच्या पंच्यात गुंडाळून ठेवला आहे. अकराव्या दिवशी नर्मदेनं त्या तुकड्यानं न्हावं आणि तो संपवावा. या वेळी मी सांगते म्हणून.

मास्तरांनी सगळं वाचून दाखवलं. मी ऐकलं.

शेवंती भिकाजी रेडकर, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार: बाबली सोमा आरोसकर (सही)
काशीबाई पुंडलिक परब (अंगठा)

शिरोडा, ९ डिसेंबर १९६४

दुरुस्ती: सह्या झाल्यावर बाईंनी थांबवलं. कलम १ मध्ये हरिश्चंद्र या नावाआधी 'कै.' आहे असं वाचावं, हे त्यांच्या सांगण्यावरून. त्याबद्दल खाली पुन्हा अंगठा.