पाच, सात, दहा

४ मार्च
नवी नोकरी, नवं गाव आणि ऑफिसने दिलेलं दोन खोल्या-स्वयंपाकघराचं घर, तेही सामानासकट! आमच्या टकळीने (वय वर्षं तीन, तोंडाचा पट्टा अखंड चालू) आल्या आल्या प्रत्येक खिडकीला "का?" विचारून घेतलं. आतल्या खोलीत आधीच्या माणसाचा कॉम्प्युटर तसाच आहे. साहेब म्हणाले, मोठा गप्पिष्ट माणूस, पण शेवटी शेवटी कुणाशी चकार शब्द बोलेना, आणि एक दिवस सगळं टाकून निघून गेला. कॉम्प्युटरला आवाज नाही, दुरुस्त केलात तर तुमचाच. मी काय, तयारच.

५ मार्च
ऑफिसमधून आल्यावर कॉम्प्युटरचा डबा खोलला. साउंड कार्ड ठणठणीत आहे. प्रोसेसरला हाक मारायला प्रत्येक कार्डाला एक नंबर लागतो, दाराच्या बेलसारखा. दोघांना एकच नंबर मिळाला की भांडण होतं आणि एकाचा आवाज बंद पडतो. या कार्डाला तीनच चालतात: पाच, सात, दहा. ज्या पिनांवर प्लॅस्टिकची बारकी टोपी बसवाल तो नंबर. टोपी मात्र कार्डावर नव्हतीच, झाकणाला आतून चिकटपट्टीने डकवलेली. पठ्ठ्याने हात टेकलेले दिसतात.
मी ती पाचवर बसवली. कॉम्प्युटर म्हणतो, पाच दुसऱ्याकडे आहे. यादी पाहिली तर पाचसमोर कुणीच नाही. बायको म्हणाली, राहू द्या ना मग. पण यंत्रापुढे हार मानणाऱ्यातला मी नाही. उद्या रेटून पाचच देणार.

६ मार्च
दिला! गाणं लावलं, खोली दुमदुमली. टकळी स्पीकरसमोर गप्प बसून राहिली. बायको म्हणाली, चला, पोरीला गप्प करणारं काहीतरी सापडलं एकदाचं. आम्ही दोघं खूप हसलो.

७ मार्च
टकळी कालपासून बोललेली नाही. तोंड उघडते, ओठ हलतात, आवाज नाही. रडते तीही बिनआवाजाची. डॉक्टरांनी घसा पाहिला. काही नाही म्हणाले, दचकली असेल, येईल आपोआप. मला भीती वाटते आहे.
घरी आलो तर आतल्या खोलीतून बारीक आवाज येत होता. का, का, का. टकळी माझ्या कडेवर होती.

८ मार्च
टोपी काढली. कार्ड उपटून टेबलावर ठेवलं. पोरगी बोलेना. स्पीकरची वायर कार्डाला तशीच लोंबत होती, वीज नाही, काही नाही — आणि स्पीकर तिच्या आवाजात बाबा म्हणाला.
पाचवर कोण होतं ते आता कळलं. कार्ड काढून नंबर सुटत नाही. दुसरा द्यायला हवा.

९ मार्च
सात दिला. टकळी बाबा म्हणाली! तिला उचलून नाचलो. बायकोला हाक मारली.
ती दारात उभी होती. गळ्यावर हात. ओठ हलत होते — आणि मागे स्पीकर म्हणत होता, अहो, अहो —

१० मार्च
सात तिचा. दहा उरला. नंबर तीन, घरात माणसं तीन. आधीच्या माणसाने शेवटी काय केलं असेल — नको, विचार नको. पोरीला आई हवी, बोलणारी.

११ मार्च
दुपारी दोघी स्वयंपाकघरात असताना दहा दिला. बायको हसत, रडत बाहेर आली, म्हणाली, गेलं एकदाचं. मी नुसती मान हलवली. तिला अजून कळलेलं नाही. म्हणून बाहेरच्या खोलीत बसून हे लिहितोय, तिला दाखवायला — आत जाऊ नका. माझा आवाज आला तरी —
आतून मी बोलतोय.
टकळीला हाक मारतोय. लाडाने, रोज मारतो तशी. आतल्या खोलीचं दार मी लावलं होतं. आता उघडं आहे.
बायको स्वयंपाकघरातून म्हणतेय, जा गं, बाबा बोलावताहेत —
धावत निघाली — माझ्यासमोरून — टकळे मी इथे, इथे — मला ओरडता ये