बेंबी जागेवरच आहे

बुधवार, संध्याकाळ

आज मी सासूचं मनगट पिरगाळलं. दवाखान्यात, खाटेवर पडल्या पडल्या. ती ओरडली तरी सोडलं नाही. माझ्या टाक्यांना हात लावायला आली होती, ‘बेंबी बसली का बघू’ म्हणून.

बेंबी. परवा पोटात कळा सुरू झाल्या तेव्हाही हेच म्हणाली, बेंबी सरकली. गावातल्या पोट चोळणाऱ्याला बोलावलं. नवऱ्यानं माझे पाय दाबून धरले आणि त्यानं पोटावर गुडघा रोवला. मी किंचाळले तर सासू म्हणाली, ‘कामून नाटकं करायलीस?’ मग आत काहीतरी फुटलं आणि कळ एकदम थांबली. ‘बसली बघ,’ म्हणत तिनं त्याला चहा पाजला. तेव्हा मीही हसले का? हसले असेन.

पहाटेपर्यंत पोट लाकूड झालं. भालकीच्या दवाखान्यात आणून पोट कापलं. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलं होतं, बेंबी जागेवरच आहे.

पाप केलं का मी? माहीत नाही. पुन्हा पिरगाळीन.

मघाशी तिचं मनगट सुजलं. नवरा तेल घेऊन चोळायला बसला, तर हात मागे घेत म्हणाली, ‘चोळू नको रे, आधी एक्सरे काढ.’