तिला कळता कामा नये

४ मार्च
डोकं फिरलंय. तेरा वर्षांची पोर, आणि बुद्धिबळाच्या ॲपवर कुणा परक्याशी गप्पा मारते! मैत्रिणीला लिहिलंय — "तो पंधरा वर्षांचा आहे म्हणतो, पण बोलतो मोठ्यासारखा. घरी एकटी कधी असतेस विचारतो."

नवऱ्याने लेकीच्या फोनवर पाळत ठेवणारं ॲप टाकलंय, तिच्या नकळत. ती मैत्रिणीला लिहिते, ते माझ्या फोनवर येतं. बुद्धिबळातलं बोलणं त्यात दिसत नाही. बुद्धिबळावर बंदी नाही — "डोकं चालतं त्याने" म्हणे. चाललं डोकं!

कान उपटायला निघाले होते. नवऱ्याने दंड धरला. "तिला कळता कामा नये. कळलं की ती दुसरीकडे लिहील, मग बसू हात चोळत."

६ मार्च
लॅबमध्ये रक्त काढत होते, खिशात फोन थरथरला. "नको म्हटलं की रागावतो. काय करू?" एका आजोबांची शीर दोनदा चुकली. माझी कधी चुकत नाही.

आणि ती मैत्रीण मख्ख. एका शब्दाचं उत्तर नाही! असल्या मैत्रिणीपेक्षा भिंत बरी.

९ मार्च
माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि मी गप्प बसायचं! आडून विचारलं, "बुद्धिबळ काय म्हणतंय?" तिने थेट माझ्याकडे बघितलं. "तूच सांग," म्हणाली.

उद्धट! मग माझं तोंड सुटलं — पसाऱ्यावरून, मार्कांवरून, ओल्या टॉवेलवरून. खरी गोष्ट सोडून सगळ्यावरून. ती ताट तसंच ठेवून उठली.

१२ मार्च
नवरा पुरावे साठवतोय. तारीख, वेळ, सगळं फोल्डरमध्ये. "माणूस कोण ते कळू दे, मग पोलिसांकडे जाऊ." पोर घाबरलीय, ते कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार आहेस, असं विचारलं. म्हणाला, आवाज खाली कर.

१४ मार्च
"माझा फोटो आहे त्याच्याकडे. शनिवारी चारला वाचनालयाच्या फाटकाशी गेले नाही तर शाळेत सगळ्यांना पाठवेल. मी जाणारे."

चार वेळा वाचलं. संध्याकाळी तिने समोर बसून माझ्या ॲप्रनचं तुटलेलं बटण लावून दिलं. मी "छान" म्हणाले. दुसरं काही बोलले नाही. माझीच लाज वाटते.

१६ मार्च, शनिवार
नवऱ्याची आज्ञा — लांब उभी राहा, गाडीचा नंबर घे, मध्ये पडू नकोस. नंबर घेतला. करड्या गाडीतून उतरला तो पंधरा वर्षांचा! टक्कल पडलेला, माझ्याहून मोठा. लेकीला हात करून बोलावत होता.

मग मी कसली लांब राहते! रस्ता कसा ओलांडला आठवत नाही. तिला मागे ओढलं आणि तोंडाला येईल ते बोलले त्याला. माणसं जमली तसा तो गाडीत घुसून पळाला. मी तिथूनच पोलीस चौकीत गेले, नवरा फोल्डर घेऊन आला. संध्याकाळी गाडीच्या नंबरावरून त्या टकल्याला घरून उचलल्याचा फोन आला.

आता तरी राग उतरायला हवा होता. उतरत नाही. मला त्या फाटकाशी बघून लेकीला जराही आश्चर्य वाटलं नाही.

१७ मार्च
विचारलं. ओरडले नाही, शांतपणे विचारलं — मला का नाही सांगितलंस?

"तोंडावर सांगितलं की तू आधी ओरडतेस. ते ॲप मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. म्हणून लिहून सांगत होते. मैत्रिणीचा तो नंबर डिसेंबरपासून बंद आहे, आई. तुझ्याशिवाय वाचत कोण होतं?"